विश्लेषण : मासा मोजायचा कुठे, भर समुद्रात की तळोज्याच्या गेटवर?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेटला 'राज्य मासा' हा मानही मिळाला. तरीही मुंबई-नवी मुंबईच्या बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटचे वाटे दिसतातच. नियम आहे, दंड आहे, गस्तीनौका आहेत आणि आता ड्रोनही आहेत. मग अडते कुठे? उत्तर असे की, आपण मासा मोजायला चुकीच्या जागी उभे आहोत. मापपट्टी समुद्रात नव्हे, तर मासा जिथे विकत घेतला जातो त्या प्रक्रिया कारखान्याच्या दारात लावली पाहिजे. आणि त्याची सुरुवात करायला नवी मुंबईतील तळोजा औद्योगिक वसाहतीइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

किमान आकाराचा नियम काय सांगतो?

नियम साधा आहे. प्रत्येक प्रजातीसाठी एक लांबी ठरली आहे, तिच्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर, तर सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. म्हणजे पापलेट साधारण सव्वापाच इंच आणि सुरमई सव्वा फुटाच्या आसपास असली पाहिजे.

यामागचा विचार दुहेरी आहे. पहिला प्रजननाचा. माशाला निदान एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळाली, तर पुढच्या हंगामात जाळ्यात काहीतरी येईल. दुसरा विचार निव्वळ हिशेबाचा आहे आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. मासा लांबीने दुप्पट झाला की रुंदी आणि जाडीनेही वाढतो, त्यामुळे त्याचे वजन दुप्पट नव्हे तर साधारण आठपट होते. नऊ सेंटिमीटरचे पापलेट आज पकडले काय आणि ते अठरा सेंटिमीटरचे झाल्यावर पकडले काय, मासा एकच. पण दुसऱ्या वेळी वजन आठपट, आणि मोठ्या पापलेटला किलोमागे भावही कितीतरी जास्त. वाढीच्या काळात काही मासे मरतील, काही दुसऱ्या माशांच्या तोंडी जातील, हे धरूनही थांबणे फायद्याचे ठरते.

हे कागदावरचेच गणित नाही. केरळने २०१५ पासून किमान आकाराचा नियम टप्प्याटप्प्याने लागू केला. तिथे 'किळीमीन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राणी माशाचे उत्पादन या नियमानंतर ४१ टक्क्यांनी वाढल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसून आले.

महाराष्ट्राला याची गरज किती, हे २०१९ च्या आकड्यावरून कळते. त्या वर्षी राज्याच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली. आदल्या वर्षी हाच आकडा २.९५ लाख टन होता. २०१९ चे उत्पादन ४५ वर्षांतील नीचांकी असल्याची नोंद याच संस्थेने केली. त्या हंगामात वादळांमुळे मासेमारीचे अनेक दिवस वाया गेले हे खरे, पण एका वाईट हंगामाने उत्पादन तिसऱ्या हिश्शाने कोसळावे, याचा अर्थ हाताशी राखीव काही उरलेले नाही.

नियम समुद्रात का अडतो?

राज्याच्या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गावे आणि मासळी उतरवण्याची १५२ ठिकाणे असल्याची नोंद २०१० च्या सागरी मत्स्य गणनेत आहे. नौका हजारोंच्या संख्येने. त्यांच्यावर लक्ष ठेवायला मत्स्य व्यवसाय विभागाकडे मोजके अधिकारी आणि भाड्याच्या गस्तीनौका. जानेवारी २०२५ पासून किनारी जिल्ह्यांत ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली. ड्रोनचा उपयोग आहेच. बंदीच्या काळात बाहेर पडलेली नौका, हद्द ओलांडून किनाऱ्याजवळ आलेला ट्रॉलर, रात्री लख्ख दिवे लावून चाललेली एलईडी मासेमारी हे सगळे वरून दिसते. पण बर्फाखाली दाबलेल्या पापलेटची लांबी ड्रोनला दिसत नाही.

बंदरावर मोजायचे म्हटले तर तिथली घाई आड येते. ससून डॉक असो, भाऊचा धक्का असो की उरणजवळचे करंजा, पहाटे नौका लागते, टोपल्या उतरतात, बोली होते आणि तास-दोन तासांत माल ट्रकमध्ये जातो. या गर्दीत एखाद्या अधिकाऱ्याने टोपली अडवून पट्टी लावायची, पंचनामा करायचा आणि तोवर मासा बर्फाविना ठेवायचा, हे घडत नाही. घडलेच तर ज्याची टोपली हाताशी आली त्याच्यावर कारवाई होते आणि 'मोठ्यांना सोडले, आम्हाला धरले' हा राग उरतो.

शिवाय जाळे टाकणाऱ्या तांडेलाची अडचण वेगळीच आहे. ट्रॉल किंवा डोल जाळे मासा निवडून धरत नाही. जे येते ते येते. वर खेचेपर्यंत बहुतेक मासे मेलेले असतात. मेलेला लहान मासा परत समुद्रात टाकून कुणाचेच भले होत नाही. मग तो विकला जातो, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक नसते तर तांडेलाने पुढच्या वेळी जागा बदलली असती, जाळ्याचा आस मोठा केला असता. म्हणून लहान माशाच्या प्रश्नाचे मूळ जाळ्यात जितके आहे तितकेच खरेदीत आहे.

तळोज्यात नेमके काय होते?

नवी मुंबईच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, अभियांत्रिकी यांच्या जोडीला मासळी प्रक्रियेचेही कारखाने आहेत. मासळी धरणे आणि मासळी परदेशी धाडणे या दोन धंद्यांमधला दुवा म्हणजे हे कारखाने. त्यांना ही जागा सोयीची का, हे नकाशा पाहिला की कळते. एका अंगाला मुंबईची बंदरे आणि करंजा, दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर, आणि गुजरात, कोकण, गोव्याकडून येणारे महामार्ग पनवेल परिसरात एकत्र येतात.

कारखान्यात आलेला माल आधी तपासला जातो. तापमान, वास, रंग, ताजेपणा पाहिला जातो. मग धुणे आणि आकारानुसार वर्गवारी. कोळंबीचा हिशेब 'काउंट'वर चालतो, म्हणजे एका पौंडात किती नग बसतात त्यावर. १६-२० काउंटची कोळंबी मोठी, ७०-९०ची बारीक. पुढे डोके काढणे, सोलणे, शीर काढणे. हे काम बहुतांश महिला करतात. त्यानंतर मासा उणे ४० अंशांच्या आसपास झपाट्याने गोठवला जातो, त्यावर बर्फाचा पातळ थर चढवला जातो, खोक्यात भरला जातो आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड शीतगृहात जातो. तिथून रेफ्रिजरेटेड कंटेनर थेट बंदरात.

या वर्णनातली महत्त्वाची गोष्ट अशी की, कारखान्यात मासा आकाराने मोजलाच जातो. लहान-मोठा वेगळा केल्याशिवाय खोक्यावर ग्रेड लिहिता येत नाही आणि ग्रेडशिवाय भाव ठरत नाही. जी गोष्ट सरकारी अधिकाऱ्याला समुद्रात अशक्य वाटते, ती कारखान्यात रोज, प्रत्येक पाळीत होते. फक्त ती भावासाठी होते, कायद्यासाठी होत नाही.

देशपातळीवर हा व्यवसाय किती मोठा आहे? २०२४-२५ मध्ये भारताने १६.९८ लाख टन सागरी उत्पादने निर्यात केली, त्यांची किंमत ६२,४०८ कोटी रुपये. यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा वाटा ४३,३३४ कोटींचा, म्हणजे सुमारे ६९ टक्के. ही कोळंबी मुख्यतः आंध्र प्रदेशासारख्या राज्यांतल्या तळ्यांत वाढवलेली व्हेनामी. महाराष्ट्राच्या समुद्रातून निर्यातीला जाणाऱ्या मालात खाडी-समुद्रातली कोळंबी, माकूळ, बगा, राणी मासा, ढोमा, सुरमई, पापलेट यांचा समावेश होतो. रत्नागिरीत तर राणी माशासारख्या तुलनेने स्वस्त माशांपासून सुरिमी, म्हणजे माशाच्या मांसाचा गोठवलेला लगदा, तयार करण्याचा मोठा उद्योग उभा आहे.

गेटवरचा नियम चालतो, याला पुरावा काय?

पुरावा याच उद्योगाच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने अस्वच्छतेचे आणि जिवाणूंचे कारण देऊन भारतीय सागरी उत्पादनांची आयात थांबवली. तोवर कोळंबी सोलण्याचे काम कारखान्याबाहेरच्या साध्या शेडमध्ये, अनेकदा जमिनीवर बसून होत असे. स्वच्छतेचे नियम त्याआधीही होते, तपासनीसही होते. पण गिऱ्हाइकाने दार लावल्यावर मात्र चित्र पालटले. सोलाई कारखान्याच्या छताखाली आली, पाणी-बर्फाची तपासणी सुरू झाली, प्रत्येक टप्प्यावरच्या धोक्याची नोंद ठेवणारी 'हॅसॅप' पद्धत आली. ज्यांनी गुंतवणूक केली ते टिकले, बाकीचे मागे पडले. हा बदल झोपडीवजा शेडवर छापे टाकून झाला नाही. 'असा माल घेणार नाही' या एका वाक्याने झाला.

दुसरे उदाहरण पकड प्रमाणपत्राचे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून समुद्रातून पकडलेल्या माशाबरोबर तो कोणत्या नौकेने, कुठल्या क्षेत्रात पकडला याचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे १९७२ मध्ये स्थापन झालेली आणि कोचीत मुख्यालय असलेली 'एम्पेडा', ही प्रमाणपत्रे तपासून देते. म्हणजे युरोपला जाणाऱ्या मालापुरते तरी नौकेपासून खोक्यापर्यंतची साखळी कागदावर आधीच आहे. त्या कागदात माशाच्या लांबीचा एक रकाना वाढवायचा आहे.

तिसरे उदाहरण उलट बाजूचे, नियम न पाळल्याची किंमत सांगणारे. ट्रॉल जाळ्यात अडकलेल्या समुद्री कासवाला बाहेर पडायला वाट देणारी चौकट जाळ्यात बसवली नाही, तर त्या देशाची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिका घेत नाही. २०१८-१९ पासून भारताच्या समुद्री कोळंबीला त्या बाजाराचे दार बंद झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर दोन टप्प्यांत ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा तळ्यातल्या कोळंबीच्या उत्पादकांचे हाल सर्वांनी पाहिले. पण समुद्रातल्या कोळंबीसाठी तो बाजार त्याआधीच, एका लोखंडी चौकटीपायी गेला होता. शुल्काचे आकडे राजकारणाबरोबर वरखाली होतात. पर्यावरणाच्या अटींवर एकदा गमावलेली मान्यता परत मिळवायला वर्षे जातात. लहान माशांच्या पकडीवरून उद्या एखाद्या मोठ्या खरेदीदाराने असाच प्रश्न विचारला, तर उत्तर म्हणून दाखवायला आपल्याकडे आजच्या नोंदी लागतील.

तपासणी प्रत्यक्षात कशी करायची?

प्रत्येक मासा मोजण्याची गरज नाही. समजा, पाच टन राणी माशाचा ट्रक आला. वेगवेगळ्या क्रेटमधून, वरचे-खालचे मिसळून, शंभर मासे काढायचे आणि मोजपट्टी लावलेल्या पाटीवर ठेवायचे. दोन माणसांचे अर्ध्या तासाचे काम. शंभरात तीस मासे मर्यादेपेक्षा लहान निघाले, तर पूर्ण ट्रकमध्ये लहान माशांचे प्रमाण साधारण २१ ते ३९ टक्क्यांच्या दरम्यान असेल, असे संख्याशास्त्राच्या आधारे सांगता येते. अचूक नसले तरी निर्णयाला पुरेसे आहे. शंभरात तीन निघाले, तर जाळ्यात चुकून आलेले म्हणून सोडून देता येईल.

या नोंदी मालाच्या पावतीबरोबर ठेवायच्या. पहिल्या हंगामात फक्त नोंद, दंड नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या बंदराच्या मालात, कोणत्या प्रजातीत लहान मासा जास्त येतो, याचे चित्र एका वर्षात हाती येईल. आज असे सलग चित्र कुणाकडे नाही. दुसऱ्या हंगामापासून मर्यादा घालायची. ठरलेल्या टक्क्यांपेक्षा लहान मासा जास्त असलेला माल कारखान्याने घ्यायचा नाही, घेतला तर त्याच्या परवान्यावर परिणाम होईल. निर्यातीचे कारखाने नोंदणीकृत असतात, त्यांना मान्यता क्रमांक असतो, त्यांची नियमित तपासणी होते. हजारो नौकांच्या मागे धावण्यापेक्षा ही मोजकी दारे सांभाळणे यंत्रणेच्या आवाक्यातले आहे.

महत्त्वाची अट एकच. हे आकडे कारखान्याच्या कपाटात राहता कामा नयेत. बंदरनिहाय आणि प्रजातीनिहाय गोषवारा दर महिन्याला जाहीर झाला पाहिजे. कारखान्याचे किंवा नौकेचे नाव नसले तरी चालेल. मच्छीमार संस्थांना तो दिसला, तर लहान मासा कुठल्या भागात आणि कधी जास्त येतो यावर त्या स्वतः निर्णय घेऊ शकतील. पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारख्या गावांतले मच्छीमार लहान पापलेट वाचवण्याची मागणी वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यांच्या हाती आकडे देणे हे सरकारचे काम आहे.

लहान मासा कारखान्याने नाकारला तर जाईल कुठे?

हा या योजनेतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. निर्यात कारखान्याने नाकारलेला लहान मासा बाजारात वाट्याने विकला जाईल, किंवा 'कुटा' म्हणून मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात जाईल. मत्स्यचूर्ण म्हणजे मासा शिजवून, दाबून, वाळवून केलेली पूड. कोंबडीखाद्यात आणि मुख्यतः मत्स्यखाद्यात ती वापरतात. एक किलो पूड करायला साधारण चार ते पाच किलो ओला मासा लागतो.

इथे एक विचित्र वर्तुळ पूर्ण होते. तळ्यातली कोळंबी जे खाद्य खाते, त्यात हे मत्स्यचूर्ण असते. म्हणजे आपण समुद्रातला लहान मासा कवडीमोल भावाने विकतो, त्याची पूड करतो, ती कोळंबीला घालतो आणि कोळंबी डॉलरमध्ये विकतो. निर्यातीचा आकडा फुगतो, पण ज्या समुद्रातून ही साखळी सुरू झाली तिथले पापलेट आणि ढोमा मोठे होण्याआधीच संपतात. निर्यातीच्या आकड्यात ही वजाबाकी कुठेच दिसत नाही.

म्हणून गेटवरचा नियम फक्त गोठवणाऱ्या कारखान्यांना लावून भागणार नाही. मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांनाही तो तितकाच, किंबहुना जास्त कडकपणे लावावा लागेल. तारलीसारखे मुळात लहान आणि झटपट वाढणारे मासे या कारखान्यांना वापरू द्यावेत. पण मोठ्या होणाऱ्या प्रजातींची पिल्ले पुडीत जाणे थांबले पाहिजे.

यावर आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप उद्योगाचा. आधीच कच्चा माल पुरेसा मिळत नाही, कारखाने क्षमतेच्या बरेच खाली चालतात, त्यात आणखी एक अट कशाला? अडचण खरी आहे. पण कच्चा माल का मिळत नाही, हाही प्रश्न विचारायला हवा. मासा वाढण्याआधी संपत असेल, तर सैल नियमाने कारखान्याला एक हंगाम जास्त मिळेल, दहा हंगाम मिळणार नाहीत. फ्रीझर, शीतगृह, वीजजोडणी यांत पैसा घालणारा उद्योग वीस वर्षांचा हिशेब करतो. तो हिशेब माशाच्या बाबतीतही करायला हवा.

दुसरा आक्षेप सोलणाऱ्या महिलांच्या बाजूने येतो. माल कमी आला तर पाळ्या कमी होतील, मजुरी बुडेल. संक्रमणाच्या काळात हे होऊ शकते आणि त्याची तरतूद आधी करावी लागेल. पण लहान मासा या महिलांच्याही हिताचा नाही. सोलाईचे पैसे अनेक ठिकाणी किलोवर मिळतात. बारीक कोळंबीचे एक किलो सोलायला मोठ्या कोळंबीपेक्षा कितीतरी जास्त नग हाताखालून जावे लागतात. दर आकारानुसार थोडा बदलला, तरी बर्फाच्या पाण्यात बोटे बधिर होईपर्यंत काम त्यांनाच करावे लागते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो राज्याच्या सीमेचा आहे. तळोज्याला येणारा सगळा माल महाराष्ट्राच्या समुद्रातला नसतो. गुजरातच्या वेरावळहून आलेल्या ट्रकला महाराष्ट्राची मर्यादा कशी लावणार? आणि महाराष्ट्राने कडक नियम केला, तर माल शेजारच्या राज्यातल्या कारखान्याकडे वळणार नाही का? यावर उपाय केंद्राच्याच हाती आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याचा, त्यापुढे २०० मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीतले. या क्षेत्रासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित केले. त्यात एलईडी आणि जोडीने चालणाऱ्या ट्रॉलरवर बंदी आहे, मोठ्या यांत्रिक नौकांना प्रवेशपत्र सक्तीचे आहे, खोल समुद्रात जाण्यासाठी मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य आहे आणि माशांचा किमान आकार ठरवण्याचेही सूतोवाच आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व राज्यांसाठी एकच किमान आकार आणि तो कारखान्याच्या दारात तपासण्याची पद्धत या नियमांखाली आणता येईल. माशाला राज्याची हद्द कळत नाही, ट्रकला कळते. नियम ट्रकच्या सोयीने न करता माशाच्या सोयीने करायला हवा.

चौथा आक्षेप लहान मच्छीमाराचा. खाडीच्या मुखाशी डोल लावणाऱ्याच्या जाळ्यात लहान मासा येणारच, मग मार त्यालाच बसणार का? डोल जाळ्यातही पिल्ले मोठ्या प्रमाणात सापडतात, हे नाकारून चालणार नाही. पण सुरुवात ट्रॉलर आणि पर्ससीनच्या, टनांनी येणाऱ्या मालापासून व्हावी. कारखान्याच्या गेटवरची तपासणी आपोआप तशीच होते, कारण ट्रकने येणारा माल मुख्यतः मोठ्या नौकांचा असतो. टोपलीत मासे घेऊन बाजारात बसणारी कोळीण या तपासणीच्या वाटेत येत नाही. डोलवाल्यांना मोठ्या आसाच्या जाळ्यासाठी मदत द्यावी, ट्रॉलच्या शेपटाला शास्त्रज्ञांनी सुचवलेला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस बसवायला अनुदान द्यावे, आणि मग अट घालावी. क्रम हाच असला पाहिजे.

नवी मुंबईने याची फिकीर का करावी?

कारण या शहराने मासळीच्या धंद्याची एक बाजू गमावली आहे आणि दुसरी बाजू वाढवली आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, त्यानंतर दिवाळे, सारसोळे, वाशी अशा खाडीकाठच्या गावांभोवती शहर उभे राहिले. भराव पडले, सांडपाणी आले, खाडीतली मासेमारी आकसत गेली. न्हावा-शेवाच्या बंदराच्या विस्तारामुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिला होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. भरपाईचा आकडा काहीही असो, ज्या बंदरातून मासळीचे कंटेनर जगभर जातात, त्याच्या शेजारच्या कोळीवाड्यात मासेमारी उरली नाही, हे वास्तव आहे.

तळोज्याच्या रहिवाशांना मासळी कारखाने ठाऊक आहेत ते मुख्यतः वासामुळे. औद्योगिक वसाहतीतल्या प्रदूषणाने कासाडी नदीचे काय केले, हे २०१७ मध्ये निळ्या रंगाच्या कुत्र्यांची छायाचित्रे पसरली तेव्हा देशाने पाहिले. तो रंग रासायनिक कारखान्याचा होता, मासळीचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण धडा सर्वांना लागू आहे. तपासणी कारखान्याच्या आतल्या कागदावर राहिली आणि शेजाऱ्याला ती दिसली नाही, तर विश्वास राहत नाही.

आता नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत, अटल सेतूने मुंबईची बंदरे जवळ आणली आहेत. ताजी मासळी विमानाने धाडण्याची सोय वाढेल तशी या भागातल्या मासळी उद्योगाची भूकही वाढेल. ती भूक भागवायला समुद्रात मासा असायला हवा.

पुढे काय व्हायला हवे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईतील माझगाव डॉक येथे खोल समुद्रात जाणाऱ्या नौका सहकारी संस्थांकडे सोपवण्यात आल्या. एका नौकेची किंमत १.२ कोटी रुपये. अशा नौका आणखी येतील. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्य व्यवसायाला कृषीचा दर्जाही दिला. पैसा, नौका, सवलती हे सगळे जास्त मासे पकडण्याच्या दिशेने जाते आहे. पकडलेला मासा किती मोठा होता, हे विचारणारी व्यवस्था मात्र त्या वेगाने उभी राहत नाही.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले, तर एका नौकेच्या किमतीत शेकडो मोजपाट्या, त्यावर काम करणाऱ्या प्रशिक्षित तरुणांचे वर्षभराचे पगार आणि आकडे गोळा करणारे एक साधे ॲप होऊ शकते. मनुष्यबळही जवळच आहे. मत्स्यविज्ञानाचे देशातील अग्रगण्य विद्यापीठ, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, मुंबईत वर्सोव्याला आहे. १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या खोल समुद्र मासेमारी केंद्रातून पुढे वाढलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थाही याच शहरात आहे. मासा ओळखून मोजणारी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. या काळात नौका ओढून ठेवलेल्या असतात आणि कारखान्यांकडे ताजा माल कमी येतो. मत्स्य व्यवसाय विभाग, एम्पेडा, तळोज्यातले निर्यातदार आणि मच्छीमार संस्था यांनी एकत्र बसून तपासणीची पद्धत ठरवायला हाच काळ योग्य आहे. ऑगस्टमध्ये पहिली नौका परतेल तेव्हा तळोज्यातल्या निदान पाच-सहा गेटांवर मोजपाटी असावी आणि पहिल्या महिन्याचे आकडे गणपतीनंतर लोकांसमोर यावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. विभागाने आणि कारखान्यांनी ठरवले, तर येत्या हंगामातच हे करता येईल.